शुक्रवारी बंद लूमचा आवाज

भूत-बित, संकेत-बिंकेत असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी सिव्हिल इंजिनीअर. भिंत पडली तर कारण सापडतंच, असं मानणारा माणूस... म्हणूनच हे लिहायला तीन वर्षं लागली.

माझी आत्या धामणकर नाक्यामागच्या गल्लीत एकटी राहायची. खाली पॉवरलूमचा कारखाना, वर खोल्या. बिल्डिंग इंग्रजी ‘एल’सारखी — आधी एक बाजू बांधली, नंतर मालकाने काटकोनात दुसरी जोडली, मध्ये फट न सोडता. भूकंपात अशा बिल्डिंगच्या दोन्ही बाजू आपापल्या परीने हलतात आणि सगळी ओढाताण कोपऱ्यावर येते. आत्याचं स्वयंपाकघर नेमकं त्या कोपऱ्यात. तिथे तडा होता. मी नवा डिप्लोमावाला असताना ‘प्लॅस्टरचा आहे गं’ म्हणून तो सिमेंटने बुजवला होता. ते आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

त्या शुक्रवारी दुपारी मी तिला कायमची आमच्या घरी न्यायला गेलो. शुक्रवारी लूम बंद, गल्ली शांत. आत्याने चहा टाकला, आणि खालून खटक-खटक सुरू झालं. फरशी थरथरायला लागली.

"आज सुट्टीला कोण लूम चालवतंय?"

"चालवूदे रं. तीस वर्षं ह्याच आवाजात झोपले, तुला काय तरास हाय?"

मी तणतणत खाली उतरलो. शटरला कुलूप. बाहेर वॉचमन बसलेला. "साहब, सुबह से बत्ती ही नहीं है. कौन सी आवाज?" मी शटरला हात लावला... पत्रा थरथरत होता.

मग आवाज एकदम थांबला. मी गल्लीत मागे सरून वर ओरडलो, "आत्या, खाली ये! आत्ताच्या आत्ता!"

ती कोपऱ्यातल्या खिडकीत आली. तेवढ्यात खरंच जमीन हलली. तिने हसत हात हलवला — "आरं, लूमच हाय! भितोस काय येवढा!"

धक्का छोटा होता. सगळी बिल्डिंग उभी राहिली. फक्त तो कोपरा खाली आला, आत्यासकट.

नंतर मालकाने माझ्यासमोर कुलूप उघडलं. एकाही लूमवर धागा नव्हता.

कोपरा का पडला, ते मी कागदावर काढून दाखवू शकतो. आवाजाचं मात्र काही सांगता येत नाही. आई म्हणते, तुला वाचवायला आला होता. असेल... पण त्याच आवाजाने आत्याला वर थांबवलं. आणि तिला न्यायलाच गेलेला मी, खाली उतरताना तिचा हात धरून का निघालो नाही, याचंही उत्तर माझ्याकडे नाही.