मंगळवारी रजेवर जाणारे नोड

मंगळवारी सकाळी आमची चेन थांबली. माधवनगरचे सगळे नोड एकदम गेले होते.

नोड म्हणजे आमच्या जाळ्यातला एक कॉम्प्युटर. लोकांनी घरातले, दुकानातले कॉम्प्युटर जोडायचे आणि त्यांचा मिळून एक क्लाउड करायचा, असा आमचा प्रोजेक्ट. कोणतं काम कुणी केलं, याची सारखी नोंद सगळ्यांकडे ठेवणारा पाया म्हणजे बेस-लेयर ब्लॉकचेन. तिचं डिझाइन माझ्याकडे होतं. दोन तृतीयांशांहून जास्त नोडनी होकार दिला तरच नोंद पुढे सरकते. आमचे निम्मे नोड नुकतेच माधवनगरात लागले होते आणि तिथे दर मंगळवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते.

वर माझ्याच नियमाने बंद नोडना दंड बसला. यंत्रमागाच्या शेडमध्ये आमचे नोड सांभाळणाऱ्या बाळूअप्पांचा लगेच फोन.

"आवं म्याडम, मंगळवारी लाईट नसती हे हितं शेंबड्या पोराला ठाव हाय. तुमच्या चेनला कसं ठाव न्हाई?"

पुण्याहून आमचे डायरेक्टर शिर्केसर म्हणाले, "सगळ्यांना जनरेटर घ्यायला लावा."

"मग साधा माणूस जोडला कशाला जाईल, सर?"

"पुढच्या मंगळवारी मी साताऱ्याला येतोय. चेन थांबली तर प्रोजेक्ट बंद. तुमची टीमही."

माझ्या माहेरी सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी असते. ज्याला जमणार नाही तो आदल्या दिवशी सांगतो, पाळी पुढच्याकडे जाते. न सांगता गैरहजर राहिला तर बोलणी खातो. मी तेच चेनमध्ये घातलं. नोडने आदल्या दिवशी रजा टाकायची. बाकीच्यांनी मान्य केली की तो मोजणीतून उतरतो, त्याच्या हातातलं काम दुसऱ्याकडे जातं आणि दोन तृतीयांश उरलेल्यांत मोजले जातात. दंड फक्त न सांगता गेलेल्याला.

"आणि सगळ्यांनीच रजा टाकली तर?" मंगळवारी साताऱ्याच्या ऑफिसात शिरताच सरांनी विचारलं.

"ठरलेल्या संख्येच्या खाली गेलो की रजा नामंजूर."

स्क्रीनवर वाईच्या एका फोटोग्राफरचा लग्नाचा व्हिडिओ आमच्या क्लाउडवर तयार होत होता. बाळूअप्पांचा फोन आला. "गेली बघा लाईट!"

नोंदी सरकत राहिल्या. नवरीची हळद झाली, अक्षताही पडल्या.

सरांचं समाधान होईना. "आता न सांगता एक बंद पडू दे," म्हणत त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवरचा नोड बंद केला. चेन चालूच राहिली. दंड सरांना बसला.

"हा माफ होतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

ते हसले आणि तिथूनच पुण्याला फोन लावून पुढच्या टप्प्याला मंजुरी दिली. बाळूअप्पा आता दर सोमवारी नोडची रजा टाकतात आणि मंगळवारी निवांत औंधला यमाईच्या दर्शनाला जातात.

नव्या गावात नोड लावायचा असला की इंजिनिअर मंडळी इंटरनेटचा वेग विचारतात. मी त्याआधी विचारते, "तुमच्याकडे लाइट कोणत्या वारी जाते?"