साहेबाच्या डायरीतलं कोरं पान

जिन्न-भुतांच्या गोष्टी निघाल्या की आमच्या घरात हसायला लागणारी मीच. अम्मी रागवायची, मी तरी हसायची. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा ओशाळल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं.

मी मूळची रत्नागिरीची. गेली आठ वर्षं दोहात आहे, राहते अल थुमामाला. ऑफिस लुसैलला, ट्रॅम स्टॉपसमोरच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर. काम म्हणजे लोकांचे जुने कागद स्कॅन करून त्यांची सूची बनवायची. मागच्या हिवाळ्यात एका ब्रिटिश साहेबाच्या कागदांची ट्रंक आली, त्याच्या नातवंडांनी इंग्लंडहून पाठवलेली. मला त्याचं आयुष्य आणि नोकरी एका पानात लिहायची होती. नाव सांगत नाही, त्या लोकांनी विश्वासाने कागद दिलेत.

तर हा साहेब चोविसाव्या वर्षी आमच्याच जिल्ह्यात असिस्टंट कलेक्टर होऊन आला. मग मुंबईत सचिवालय, मग राजकीय खात्यात बदली होऊन आखात, शेवटी पेन्शन आणि गुलाबाची बाग. डायरी रोजची. आज घोड्यावर किती मैल, जेवायला काय, आंबा कसा लागला, इथे आल्यावर मोत्यांच्या होड्या आणि दमट हवेला शिव्या... महिनाभर वाचून माणूस मला चक्क आवडायला लागला होता.

आणि मग एका फाईलमध्ये त्याचा अहवाल सापडला. खाडी ओलांडताना तरीची होडी उलटली, साहेबाचा पट्टेवाला बुडाला. 'वादळ दिसत असूनही तांडेलाने हट्टाने होडी काढली.' तांडेलाचा तरीचा ठेका काढून घेतला, वर दोन वर्षं तुरुंग. खाली गावाचं नाव होतं आणि तांडेलाचं – इब्राहिम.

ते माझे पणजोबा.

आमच्या घराला त्या गावात 'बुडव्यांचं घर' म्हणतात. आजोबा त्याच नावाला कंटाळून रत्नागिरीत आले. अब्बांचं एक लग्न त्याच्यावरूनच मोडलं होतं. अब्बा आता ब्याऐंशीचे आहेत, त्या गावात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. अहवाल वाचून मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं वाटायचं, लोक उगाच बोलत असतील.

डायरीत अपघाताच्या दिवसापासून नऊ पानं कोरी होती. आमच्याकडे नियम असा की कोरं पानही स्कॅन करायचं, पण आधी दोघांनी डोळ्यांनी बघून शीटवर 'कोरं' लिहून सह्या करायच्या. माझ्याबरोबर ग्लेन होता. वसईचा, दहा वर्षं हेच काम करणारा. आम्ही दोघांनी पानं बघितली, सह्या केल्या. गुरुवार, सकाळचे अकरा, चहा नुकताच झालेला.

पहिलं कोरं पान स्कॅन केलं आणि स्क्रीनवर चार ओळी आल्या. साहेबाचंच अक्षर, तोच उजवीकडे कललेला टी.

"अगं, हे कोरं होतं ना?" ग्लेन म्हणाला.

मशीनवरचं पान कोरंच होतं. मी सवयीने पेन्सिल घेऊन ओळी उतरवल्या. जुनं अक्षर लागायला तेच बरं पडतं, आणि आत फोन न्यायला परवानगी नाही. इंग्रजीत होतं, अर्थ असा – तांडेलाने दोनदा नकार दिला. वल्हं मांडीवर आडवं घेऊन बसून राहिला. मी पट्टेवाल्याकडून त्याला जबरदस्तीने उठवलं. अहवालात मी वेगळं लिहिलं आहे.

"काहीतरी घोळ झालाय, रिस्कॅन मार," ग्लेन म्हणाला. आणि मी मारलं! शीट आणि इमेज जुळली नाही की रिस्कॅन, हे बोटांनाच पाठ झालंय. नवी इमेज जुन्या इमेजच्या जागी बसते, हेही पाठ आहे. पण त्या क्षणी आठवलं नाही.

नवी इमेज कोरी. पुन्हा केलं, कोरी. आयटीवाला म्हणाला, जुनी इमेज खलास, कुठेच नाही. समोरच्या पानाची शाई उमटली म्हणावं तर समोरही कोरंच. दुसऱ्या फाईलचं म्हणावं तर त्या ट्रंकेत वल्ह्याचा उल्लेख कुठेही नाही, मी सगळी तपासली. भास म्हणावा तर 'दोनदा नकार' माझ्याआधी ग्लेननेच मोठ्याने वाचलं होतं.

कॉरिडॉरमध्ये जाऊन अब्बांना फोन लावला.

"काय लिवलाय ता वाच," ते म्हणाले. वाचलं.

"वल्हा आडवा घेऊन बसले होते, असा दादी सांगायची," ते म्हणाले. "मी तुला कदी सांगितला नाय. कोण विश्वास ठेवणार होता?"

साहेबाच्या एका पानात मला यातलं काहीच घालता आलं नाही. मॅनेजरला कागद दाखवावा लागतो, आणि कागद कोरा. 'अधिकाऱ्याच्या अहवालानुसार' एवढे दोन शब्द मी तांडेलाच्या दोषाआधी घातले. अजून काय करणार?

पुढच्या शुक्रवारी अब्बा रिक्षा करून त्या गावात गेले. जुम्म्याची नमाज झाल्यावर मशिदीच्या पायरीवर उभं राहून त्यांनी सांगितलं. कोणीतरी पुरावा विचारला. माझ्या मुलीने वाचलंय, म्हणाले. तिथूनच मला फोन केला, मागे माणसांचे आवाज येत होते.

"बेटा, साहेबान माफी मागितलीन होती ना? हे विचारतायत."

पेन्सिलचा कागद माझ्यासमोर होता. चार ओळी. माफीचा शब्द नव्हता.

"हो अब्बा," मी म्हणाले. "मागितली होती."

त्या चार ओळी कोणी लिहिल्या आणि कुठे गेल्या, मला आजही माहीत नाही. पाचवी मी लिहिली.