लुईझाने बहरीनला दिलेलं मत

वसईच्या पाचूबंदरातल्या लुईझाचा आवाज मोठा होता आणि तो खालच्या पट्टीत ठेवायची तिला सवय नव्हती. मासळी विकतानाही आवाज तोच आणि चर्चमध्ये गातानाही तोच. लग्नघरी हळदीला गायला तिला बोलावलं नाही तर म्हाताऱ्या बायका नाक मुरडायच्या. नवरा लवकर गेला. मग तिने एकटीने टोपली डोक्यावर घेऊन मार्सेलला वाढवलं, शिकवलं, आणि तो शहाणा निघाला म्हणून बहरीनला गेला. आता यात दोष कोणाचा म्हणायचा!

डिसेंबरात नाताळानंतर किनाऱ्यावरच्या गावांची गाण्यांची स्पर्धा भरायची. अर्नाळ्यापासून पाचूबंदरपर्यंत, दोन खाड्यांच्या मधलीच गावं. गाणं आपल्या बोलीतलं हवं, आणि गाणारा तालमीला हजर हवा. आणखी एक रीत होती. स्पर्धेच्या दिवशी कोणत्याही गटाने आपल्या गावात जेवायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्या गावाची चिठ्ठी निघेल त्या गावच्या घरी जेवायचं. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या गाण्याला माणूस सहसा नावं ठेवत नाही, असा जुन्या लोकांचा हिशोब होता. तरी नावं ठेवायचेच, पण पोटभर जेवून ठेवायचे.

या स्पर्धेसाठी मार्सेल न चुकता घरी यायचा. तालमीला हजर राहायचं म्हणजे आठवडे काढावे लागत, आणि तेवढे दिवस तो आईच्या हातचं खायचा, गावातल्या म्हाताऱ्या पास्कलच्या होडीवर बसून जाळी शिवायचा, संध्याकाळी मातीचं घुमट वाजवायचा. लुईझाचं वर्ष तिथून सुरू व्हायचं आणि तिथेच संपायचं.

ती स्पर्धेच्या समितीतही होती, म्हणून नियमाला कोणी बोट लावलं की ती अंगावर जायची. एकदा विरार पूर्वेच्या चंदनसारहून क्षितिजा नावाची एक मुलगी आली होती. तिचे आईवडील कोकणातून येऊन तिथे फ्लॅटमध्ये राहिलेले. सोसायटीतल्या मुलींचा गट केलाय, आम्हालाही घ्या, एवढंच तिचं म्हणणं. लुईझाने तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं. "गानं भाड्यानं मिलत नाय, बाय. त्याला गाव लागतो."

पण दोन हजार एक साली बहरीनकडूनच मागणी आली. तिथे वसईची पोरं बरीच झाली होती. त्यांनी गट बांधला, त्यात काही गोव्याचे, दोन श्रीलंकेचे, आणि म्हणाले, आम्ही बहरीन म्हणून उतरतो. गटाचा पुढारी कोण, तर मार्सेल.

समितीत दोन तट पडले. पास्कल म्हातारा होडीवाला, त्याने टेबलावर हात आपटला. "आज बहरीन, उद्या लंडन. दर्याचं पानी ज्यांच्या उंबऱ्याला लागतं त्यांची ही गानी. थंड खोलीत बसून कोन गानार?" अर्नाळ्याचा व्हिन्सेंट म्हणाला, "अर्धी पोरं तिकडंच हायत, पास्कलबाबा. त्यांना बाहेरचं म्हटलं तर आतलं कोन उरलं?" हात वर झाले ते दोन्हीकडे सारखेच. लुईझाचा हात तेवढा खाली होता. तिचं मत सगळ्यांना ठाऊकच होतं, म्हणून पास्कल निवांत बसला होता.

त्याला हे ठाऊक नव्हतं की रविवारी मार्सेलचा फोन आला होता. "आये, गटाला घेतलं तर समदे मिलून येतो. नाय घेतलं तर यंदा रजा कशाला टाकू? इस्टरला बघू." त्या 'बघू'चा अर्थ लुईझाला कळला होता. तिने हात वर केला, बहरीनच्या बाजूने. पास्कल मग पुष्कळ दिवस तिच्याशी बोलला नाही.

कापडी फलकावर लगेच 'आंतरराष्ट्रीय' असा शब्द चढला. आपल्या लोकांना मोठेपणा मिळायची खोटी, रंगारी तयारच असतो.

क्षितिजा पुन्हा आली, तिने फलक वाचला आणि सरळ विचारलं, "मावशी, बहरीन जवळ आणि चंदनसार लांब?" लुईझाने दार लोटून घेतलं. मुलगा हवा होता तिला. त्यासाठी ती कोणाचंही तोंड चुकवायला तयार होती.

मार्सेल आला. पण गटाबरोबर आला, गटाबरोबर हॉटेलात उतरला. तालमी तिकडेच झाल्या होत्या, त्यामुळे स्पर्धेच्या आदल्या दिवशी आला. स्पर्धेच्या दिवशी लुईझाने पहाटेच उठून वाळल्या कैरीची आंबोशी घालून बोंबील केले, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. बहरीनची चिठ्ठी पाचूबंदरचीच निघेल असं तिने मनाशी धरलं होतं, माउलीला मेणबत्तीही लावली होती. चिठ्ठी अर्नाळ्याची निघाली. पोटचा पोर व्हिन्सेंटच्या घरी पाहुणा म्हणून जेवला, आणि तिच्या पाटावर निर्मळ गावचा कोणी परका गट भाकऱ्या मोडत बसला. तिने त्यांना आग्रह करकरून वाढलं. बाईने रीत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी मार्सेल घरी आला तो घड्याळ बघतच. विमान होतं. जेवला, छान झालंय म्हणाला, आणि जाताना आनंदाने सांगून गेला, "आये, काल रातीला तू घरी आलीस, मग समितीनं मान्य केलं. बाहेरच्या देशांनी पुढल्या खेपेपासून कॅसेट पाठवली तरी चालेल. एवढी धावपल नको." हे सांगताना तो आईची सोय झाल्यासारखा हसत होता. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तेच तर वाईट होतं.

पुढल्या डिसेंबरात बहरीनचं गाणं मंडपात कर्ण्यातून वाजलं. व्यासपीठावर माणूस नाही, फक्त उभा माईक. हळदीचं जे गाणं लुईझाने त्याला लहानपणी मांडीवर घेऊन शिकवलं होतं, तेच त्याने घेतलं होतं, आणि काय घेतलं होतं! पहिला नंबर बहरीनचा. लुईझा ज्यात गायली त्या पाचूबंदरच्या गटाला काहीच मिळालं नाही. शिल्ड घ्यायला कोणी नव्हतं, तेव्हा निवेदकाने पुकारलं, "बहरीनच्या वतीने लुईझाबाई!"

हिरव्या लुगड्यातली, आत्ताच हरलेली लुईझा वर गेली. शिल्ड हातात घेतली. माईक पुढे आला, दोन शब्द बोला म्हणाले. समोर सगळी गावं बसलेली, पास्कलही.

"त्याला कोनी सांगा," ती म्हणाली, "पयला नंबर मी ठेवते. तू घरी ये."

सगळा मंडप हसून लोळला. बाई म्हणजे अशीच, फटकळ आणि गमत्या. टाळ्या पडल्या. फक्त पास्कल हसला नाही. त्याने पुढे होऊन तिला पायरी उतरायला हात दिला आणि आपल्या शेजारी जागा करून दिली.

शूटिंगवाल्याने सगळं घेतलं होतं, ते बहरीनला गेलं. रविवारी मार्सेलचा फोन आला. "आये, काय बोललीस गं! हिकडं समदे पोट धरून हसले. दोनदा लावून पायलं."

"हां?" लुईझा म्हणाली.

"खरंच. तू टीव्हीवर आलीस ना की गटात मजाच येते."

चुलीवर कालवण आहे, करपेल, असं सांगून तिने फोन ठेवला. चूल अजून पेटवलीच नव्हती.