तांडेलाची विश्रांती

गंगारामला दोन महिने स्वस्थ पडून राहायला सांगितलं ते राजापूरच्या डॉक्टरीणबाईंनी. बाई नवीन होत्या. नाटे गावातल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं की, बाई, याला हवं तर समुद्र उपसायला सांगा, पण गप्प बसायला सांगू नका.

तीस वर्षं तो लाँचवर तांडेल होता. जाळं कुठं टाकायचं, कधी ओढायचं, वारा फिरला तर कुठल्या खाडीत शिरायचं, सगळं तांडेलाच्या शब्दावर चालतं. मे संपता संपता, मासेमारीची पावसाळी बंदी लागायच्या आदल्या दिवशी, जेट्टीवर शेवटची मासळी उतरवताना त्याला भोवळ आली आणि तो बर्फाच्या पेटीवर मटकन बसला. नेमकं ते लाँचमालक हरिश्चंद्रशेटनी पाहिलं.

"गंगाराम, बारा जणांचा जीव असतो तुझ्या हातात," शेट म्हणाले. "बंदी उठली की डॉक्टरची चिठ्ठी आण नि मग सुकाणू धर. नायतर यंदा आत्माराम बघंल."

आत्माराम त्याचा दुय्यम. गंगाराम झोपला की सुकाणू तोच धरायचा. पोरगा हुशार, नम्र, कुठं बोट ठेवायला जागा नाही. त्यामुळे गंगारामला त्याचा रागही धड करता येईना. एकदा हातातलं सुकाणू दुसऱ्याकडे गेलं की परत येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला स्वतःला ते असंच मिळालं होतं.

बाईंनी मोजलं तर रक्तदाब एकशे ऐंशी. गोळ्या दिल्या, मीठ तोडलं, सुकी मासळी तर साफ बंद. "आणि रात्रीची सात तास झोप. दुपारी थोडं पडायचं. डोक्याला ताण नको. नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही."

"घेतो विश्रांती," गंगाराम म्हणाला, आणि घरी येऊन त्याने विश्रांतीवर जी चढाई केली, तिला तोड नाही.

दुपारचं जेवण झालं की पडवीत खाट. खाटेवर गंगाराम. उशाशी बीपीचं मशीन. ते मशीन जयगडच्या बंदरात क्रेन चालवणाऱ्या नितेशने, म्हणजे त्याच्या मुलाने, पाठवलं होतं. दर अर्ध्या तासाने गंगाराम दंडाला पट्टा आवळायचा. एकशे सत्तर. पाच मिनिटं डोळे गच्च मिटायचा, पुन्हा मोजायचा. एकशे अठ्ठ्याहत्तर. "पडून पडून वाढतंय गो!" तो ओरडायचा. मग उठून अंगणात फेऱ्या, मग पावसाळ्यासाठी झापांनी शाकारलेली लाँच बघून येणं, मग परत खाट. कोंबडी ओरडली तरी त्याचं डोकं फिरे. मिक्सर लावला की तो ताडकन उठून बसे. त्याची बायको हौसा वाटण घेऊन शेजारच्या सगुणाकडे जाऊ लागली. कपडे ती मागल्या विहिरीवर न धुता लांब वहाळावर नेऊ लागली. चुलीवर दोन कालवणं शिजू लागली, एक मिठाचं नि एक बिनमिठाचं. घरात ती पावलंसुद्धा चोरासारखी टाकायची.

तरी त्याचा डोळा लागेना. दहा दिवसांत माणूस पार चिडचिडा झाला. आणि मग त्याला शोध लागला.

लाँचवर तो झोपायचा तेव्हा कुणीतरी जागं असायचं. पाळीवर कुणी नसताना तांडेल झोपला असं तीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. इथं घरात तर पाळीवर कुणीच नाही! सगळेच झोपले तर डोळा मिटायचा कुणाच्या भरवशावर?

"हौसा, तू जागी ऱ्हा," तो म्हणाला. "मी झोपलो की इथं बसायचं. मग बग मला कशी झोप येते."

"आणि मी काय करू बसून?"

"काय नाय. जागी ऱ्हायचं. येवढाच."

हौसा हसली. मग नवऱ्याचा ओढलेला चेहरा बघून उंबऱ्याला टेकून बसली. पाच मिनिटांत गंगाराम घोरायला लागला.

तेव्हापासून गंगारामचं तारू मार्गी लागलं. दुपारी तासभर, रात्री सात तास. मधे जाग आली की तो डोळे न उघडता विचारायचा, "हायस ना गो?" उंबऱ्यावरून आवाज यायचा, "हाय. झोपा तुमी." की हा पुन्हा गाढ. हौसा बसल्या बसल्या फाटकं जाळं विणायची, तांदूळ निवडायची, मधेच पेंग आली की दचकून जागी व्हायची. पहाटे तो टवटवीत उठायचा तेव्हा तिचा चहा तयार असायचा. एकशे साठ. एकशे अठ्ठेचाळीस. आकडा उतरला की तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवायचा. विश्रांती कशी घ्यावी यावर जेट्टीवर बसून त्याने खलाशांना भाषणंही दिली.

जुलैच्या शेवटी दोघं एसटीने राजापूरला गेली. हौसा सीटवर बसली ती बसल्याबरोबर झोपली. राजापूर आलं तरी उठेना. "माणसाला एवढी झोप बरी नाय गो," असं म्हणत गंगारामनेच तिला हलवून उतरवली.

बाईंनी मोजलं. एकशे अठ्ठावीस. पुन्हा मोजलं, तेवढंच. गंगारामचे डोळे भरून आले. बाईंनी हसत चिठ्ठी लिहिली, त्याच्या हातात दिली आणि सहज मागे बघितलं. भिंतीला टेकून उभी असलेली हौसा खाली घसरत होती.

तिला स्टुलावर बसवलं. पट्टा तिच्या दंडाला बांधला. आकडा बघून बाईंचं हसू मावळलं.

"एकशे नव्वद. झोप किती होते तुमची?"

हौसा गोंधळली. असं कुणी तिला विचारलंच नव्हतं. "हे झोपतात तवा मी जागी असते ना," ती म्हणाली.

"आणि हे जागे असतात तेव्हा?"

"तवा काम असता."

तक्रार नव्हती त्यात. म्हणूनच गंगारामला ते लागलं. लाँचवर सुकाणूवरच्या माणसाला चार तासांनी उठवायचं, त्याच्या जागी दुसरा बसवायचा, हा त्याचाच नियम. चार तासांवर पंधरा मिनिटं झाली म्हणून त्याने खलाशांच्या आईबहिणीचा उद्धार केला होता. आणि हिला पंचेचाळीस दिवस झाले होते. पंचेचाळीस दिवसांत त्याने एकदाही तिला उठवलं नव्हतं. त्याला इतकी शरम वाटली की बाई औषधं समजावत होत्या ती त्याच्या कानातच शिरली नाहीत. त्याने ती पुन्हा सांगायला लावली.

स्टँडवरून त्याने शेटना फोन लावला. "चिठ्ठी मिळाली. पण लाँच आत्मारामला नेऊंदे."

"का रे? चिठ्ठीत काय लिवलाय?"

"माजा बरा हाय. हौसाचा नाय."

"बग हां, गंगाराम. मागाहून बोलू नको."

"नाय बोलणार."

हौसा बाजूलाच होती. "खुळे झालाव काय? जावा तुमी. मी झोपेन माजी माजी."

"तू नाय झोपणार," तो म्हणाला.

आणि खरंच ती झोपेना. घरी आल्यावर चार दिवस नुसती उठाबस. भात लागला काय? गाय पान्हावली काय? दाराशी कोण आलं? मीठ कुठल्या डब्यात आहे हेही नवऱ्याला ठाऊक नाही, मग पडून तरी काय राहायचं! गंगाराम चुलीपाशी धुराने लाल डोळे घेऊन ओरडायचा, "पड गो!" आणि ती दचकून आणखी जागी व्हायची. ओरडून झोप लागत नाही, हे त्याला तेव्हा कळलं. मग तो ओरडायचा थांबला. करपलेला भात त्याने मुकाट खाल्ला.

बंदी उठली त्या दुपारी हौसाला पहिल्यांदा झोप लागली. तो खाटेच्या पायथ्याशी बसला होता. खाडीकडून इंजिनांचा आवाज यायला लागला. एक, दोन, तीन लाँच गेल्या. चौथी त्याची. तिचं इंजिन त्याने डोळे बांधूनही ओळखलं असतं. आत्मारामने ते उगाच जास्त तापवलं होतं, खाडीच्या मुखाशी वळताना सुकाणू जरा आधीच ओढलं होतं. गंगारामच्या हाताची बोटं वळली. जेट्टी दोनशे पावलांवर. धावत गेला असता तर कठड्यावरून त्याने दोन शिव्या नक्की ऐकवल्या असत्या.

"गेली काय?" हौसाने डोळे न उघडता विचारलं.

"कोण? काय नाय. झोप तू," तो म्हणाला. आवाज लांब लांब जाऊन पार विरून गेला, तोवर त्याने मांडीसुद्धा बदलली नाही.