दिवसा न दिसणारी ज्योत

मी भाजे गावची. मळवलीहून लोकल धरायची, घोरावाडीला उतरायचं आणि पुढे कंपनीच्या बसने कारखाना गाठायचा, हा माझा कित्येक वर्षांचा क्रम. आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग भट्टीत तापवून टणक करतात. भट्ट्या गॅसवर चालायच्या. मग वरून ठरलं की एक भट्टी हायड्रोजनवर चालवून बघायची. छपरावर सोलर बसलं, त्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढणारं यंत्र आलं, आणि ते सांभाळायला मला नेमलं.

घरी सांगितलं तर आईने आधी पाण्याचं विचारलं. आमच्या वरच्या वाडीला उन्हाळ्यात अजून हंडे वाहावे लागतात. मी म्हटलं, पाणी फार लागत नाही, फक्त अगदी शुद्ध लागतं. खरी भूक विजेची.

"आन् पावसाळ्यात ऊन कुटनं आणणार?" आई म्हणाली.

तिचं बरोबर निघालं. आषाढ-श्रावणात लोणावळ्याकडून ढग हलेनात. यंत्र आठवडेच्या आठवडे अर्धवट चालायचं, आणि भट्टीसाठी हायड्रोजनच्या टाक्या बाहेरून यायच्या, त्याही डिझेलच्या ट्रकमधून. भट्टीतून धूर नाही, नुसती वाफ, हे मी पाहुण्यांना अभिमानाने दाखवायचे. ट्रकबद्दल कोणी विचारलं नाही तर मीही बोलायचे नाही.

दिवाळीनंतर ऊन स्वच्छ पडलं आणि यंत्र झकास चालू लागलं. अशाच एका दुपारी भट्टीमागच्या पाइपाजवळून बारीक फुसफुस ऐकू आली. गळती शोधणारा सेन्सर गप्प होता. एखादा जोड सैल झाला असेल म्हणून मी हात पुढे केला.

"थांब पोरी. हात न्हाई लावायचा तितं."

मागे आमचे जुने फिटर भाऊ उभे होते. बेडसे गावचे, निवृत्तीला आलेले. आधीच्या एका कारखान्यात त्यांनी हायड्रोजनच्या टाक्यांवर बरीच वर्षं काढली होती. त्यांनी कोपऱ्यातला लांब दांड्याचा झाडू उचलला आणि तो पुढे धरून पावलापावलाने पाइपाकडे सरकले. जोडापाशी पोचताच झाडूचं टोक भडकलं. तिथे ज्योत होती आणि उन्हात ती मला दिसलीच नव्हती. मी हात लावणार होते, नेमक्या त्याच जागी.

भाऊंनी झाडू वाळूच्या बादलीत खुपसला. मी लांबचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. हळूहळू फुसफुस थांबली. मग त्यांनी मला खुर्चीवर बसवून पाणी दिलं.

चौकशीत सेन्सर का वाजला नाही ते कळलं. हायड्रोजन बाहेर पडताच जळत होता, मग सेन्सरपर्यंत पोचणार काय? ज्योत ओळखणारं वेगळं उपकरण लागतं, आणि ते आम्ही बसवलंच नव्हतं. सुरक्षेच्या उपकरणांची यादी मीच केली होती. चौकशीच्या बैठकीत मी तसं सांगितलं. साहेबांनी भाऊंना विचारलं की हा प्रयोग आता गुंडाळावा का. ते म्हणाले, गॅसचा दोष न्हाई, आमी त्येला वळखत न्हाई अजून, आधी शिकवा.

दोन महिने भट्टी बंद राहिली. सगळे जोड बदलले, ज्योत टिपणारे कॅमेरे लागले. भाऊंनी प्रत्येक पाळीतल्या माणसांना जोडांजवळ नेऊन शिकवलं, पहिल्या रांगेत मी. मग भट्टी पुन्हा सुरू झाली आणि आजही चालू आहे. पावसाळ्यात टाक्या अजून ट्रकनेच येतात. आता ते मी पाहुण्यांना आपणहून सांगते.

भाऊ निवृत्त होऊन बेडश्याला भातशेती बघतात. दुसरी भट्टी हायड्रोजनवर न्यायची का, याची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तिथे त्यांना बोलवावं, असं मी लिहून दिलंय.