डिझेल घ्यावी का गॅस

गल्लीत कुणाची नवी गाडी आली, की अक्का आधी तिच्या बॉनेटवर बोटांच्या पेरांनी टकटक करायच्या. मग मालकाकडे वळून विचारायच्या, "डिझेल का गॅस?" पेट्रोल हा प्रकार त्यांच्या खिजगणतीत नव्हता. पेट्रोलवर चालते ती हौस, गाडी नव्हे, असं त्यांचं मत. एकदा माझे मॅनेजर आमच्याकडे जेवायला आले. त्यांची गाडी बॅटरीवर चालणारी. अक्कांनी टकटक केली, उत्तर ऐकलं आणि त्यांच्याकडे जरा काळजीनं बघत म्हणाल्या, "दोन्ही नाही? असू दे, होईल चांगलं." त्या दिवशी जेवताना मॅनेजर दोनदा म्हणाले, की तशी या गाडीची रेंज उत्तम आहे.

आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो आणि जे. पी. नगरमध्ये वरचा मजला भाड्यानं घेतला, तेव्हा समोरच अक्कांचं बैठं घर होतं. धंदा मांडवाचा. लग्नाला, बारशाला, गणपतीला मांडव, खुर्च्या, दिवे आणि दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला एक जाडजूड जनरेटर. ही ट्रॉली जुन्या डिझेल पिकअपच्या मागे जोडायची आणि कार्यालयापर्यंत ओढत न्यायची, हे काम अक्का स्वतः करायच्या. साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट, डोक्याला स्कार्फ आणि सीटवर उंचीसाठी उशी. ट्रॉली जोडलेली गाडी रिव्हर्स घेणं किती अवघड असतं ते ज्यानं घेतली असेल त्यालाच ठाऊक. अक्कांनाही ते अवघडच जायचं. आमच्या मालकांच्या कंपाउंडची भिंत त्याला साक्ष आहे.

धंदा मुळात अण्णांचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा. अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची कॉट पडली. तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या अक्का गाडी शिकल्या. शिकवलं कुणी, तर म्हणे अण्णांनी, कॉटवर पडल्या पडल्या. हे कसं जमलं असेल, याचं मला बरेच दिवस कोडं होतं.

अक्का निपाणीकडच्या. त्यांच्या मराठीत 'स्वल्प' म्हणजे जरासं आणि 'सरी' म्हणजे बरं, हे कानडी शब्द जागोजाग यायचे. मी चाळिशी ओलांडलेला, टक्कल पडत चाललेला माणूस, पण त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच तम्मा करून टाकलं, म्हणजे धाकटा भाऊ. माझी बायको अजूनही भाजीची पिशवी हातात द्यायची असली की मला तम्मा म्हणते.

तर मेकॅनिकनं सांगितलं होतं, की या इंजिनात आता दम नाही, आणखी एखाददुसरी लग्नसराई निघाली तर निघाली. गाडी बसली की जनरेटर बसणार आणि जनरेटर बसला की धंदा. धंद्यावर अण्णांची औषधं होती, त्यांना बघायला येणाऱ्या बाई होत्या, सगळं घर होतं. म्हणून नवी पिकअप घ्यायची हे ठरलं. डिझेल घ्यायची का गॅसची, एवढंच ठरत नव्हतं.

सल्ल्याला तोटा नव्हता. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, गॅस घ्या, स्वस्त पडते. अक्का म्हणाल्या, "आणि गॅसच्या रांगेत तासभर हुबारू? तिकडं बोम्मसंद्र्याला नवरानवरी अंधारात बसू देत?" मेडिकलवाला म्हणाला, मग डिझेलच घ्या, ओढायला ताकद लागते. अक्का म्हणाल्या, "आणि धूर कोण खाणार? तू?" जो जे सुचवेल त्याच्या विरुद्ध बाजू त्या घ्यायच्या. वर शेवटी, "स्वल्प थांब, विचार चाललाय." तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, लग्नाची मुलगी बघावी तसा फ्रिज बघणारं. पण ते निदान एक दिवस फ्रिज आणतात. अक्कांचा विचार दोन लग्नसराया चालला.

मी आयटीतला, त्यामुळे मला राहवेना. एका रविवारी मी लॅपटॉपवर सगळा आराखडाच करून नेला. किती ओझं, किती चढ, कुठला पंप किती लांब, सगळं रंगीत आलेखांत. अक्कांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं. मधे मला चिवडा दिला. संपल्यावर म्हणाल्या, "सरी. लई मेहनत घेतलास. आता सांग, डिझेल का गॅस?"

मग त्यांनी शोरूमला जायचं ठरवलं आणि मला सोबत घेतलं. टेस्ट ड्राइव्हला लोक गाडीत बसून एक चक्कर मारतात. अक्का स्वतःचा जनरेटर घेऊन गेल्या. गॅसच्या नव्या पिकअपला त्यांनी आपली ट्रॉली जोडायला लावली, तेव्हा तिथल्या सेल्समनच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. रिंग रोडच्या फ्लायओव्हरचा चढ हीच त्यांची परीक्षा होती. जुनी पिकअप तिथे दर वेळी रडायची. अक्कांनी पदर खोचला, खालचा गिअर टाकला आणि गाडी काही कुरकुर न करता, सावकाश का होईना, चढून गेली.

"चढली की," अक्का म्हणाल्या. एवढ्या पडेल आवाजात, की मला वाटलं मागे ट्रॉलीला काही झालं.

"मग झालं तर," मी म्हणालो. "ठरलं."

त्यांनी गाडी कडेला घेतली. "आवाज कुठाय हिचा?"

"तोच तर फायदा आहे, मॅडम," पलीकडून सेल्समन उत्साहानं म्हणाला. अक्कांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो शोरूम येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. परत आल्यावर अक्कांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि विचार चाललाय म्हणून सांगितलं. मला त्या दिवशी त्यांचा खरोखर राग आला होता. माझा अख्खा शनिवार गेला होता.

पुढे एकदा त्यांचं कुरिअर चुकून आमच्याकडे आलं, ते द्यायला मी संध्याकाळी गेलो. अक्का कामावर होत्या. अण्णा कॉटवर टक्क जागे होते. त्यांची जीभ जड झाली होती, त्यामुळे ते फारसं बोलत नसत. मीच काहीबाही क्रिकेटचं बोलत बसलो. मधेच त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं.

"आली," ते म्हणाले.

मला पंख्याशिवाय काही ऐकू येईना. मग लांबून, मेन रोडच्या बाजूनं, ती ओळखीची धडधड यायला लागली. अण्णांनी डोळे मिटले. "ट्रॉली हाय मागं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "सेकंड टाक. टाक की आता." बाहेर वळणावर गिअर खरखरला. "उशीर," अण्णा म्हणाले आणि तोंडाच्या एका बाजूनं हसले.

अक्का आत आल्या त्या पदरानं तोंड पुसत. अण्णांनी लगेच सुनावलं, "वळणावर उशीर केलीस."

"मधी कुत्रं आलं."

"कुत्रं रोजच येतंय."

"मग तुम्ही या उद्या चालवायला."

माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. दिवसभर तोंडातून चार शब्द न काढणारा तो माणूस बायकोशी गिअरवरून तावातावानं भांडत होता आणि बायको त्याला बरोबरीनं उत्तरं देत होती. गल्लीच्या तेवढ्या तुकड्यापुरते अण्णा रोज संध्याकाळी पुन्हा गाडी चालवत होते. मला गलबलून आलं आणि माझ्या त्या रंगीत आलेखांची लाजही वाटली.

निघताना मी फाटकाशी म्हणालो, "अक्का, डिझेलच घ्या."

"का?"

"चढाला बरी असते."

पहिल्यांदाच त्यांनी उलट बाजू घेतली नाही. "नवी डिझेलपण बघून आलोय रे तम्मा," त्या हळूच म्हणाल्या. "तीपण आता हळू बोलतीय."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी त्या जुन्या पिकअपचं इंजिन संपूर्ण खोलून नव्यानं बांधून घेतलं. मेकॅनिकनं कपाळावर हात मारला. असल्या पत्र्यावर कुणी इतका खर्च करतं का, म्हणून गल्लीभर हसं झालं. इस्त्रीवाला म्हणाला, विचार करून करून अक्कांचं डोकं फिरलं. मीही सगळ्यांबरोबर हसलो, कारण दुसरं काही सांगितलं असतं तर ते त्या दोघांच्या घरातलं सांगितल्यासारखं झालं असतं. त्यानंतर एक लग्नसराई ती गाडी ठणठणीत चालली आणि अक्का वळणावर रोज उशीर करत राहिल्या. आता मला वाटतं, त्या मुद्दाम करायच्या.

मागच्या थंडीत अण्णा गेले. दुपारी, झोपेत. अक्का त्या वेळी कोरमंगलाला कुणाचा तरी मांडव उतरवत होत्या. त्यांना फोन मी केला.

दिवसकार्य झालं आणि नंतर एके दिवशी त्यांच्या दारात पांढरी, नवी, गॅसची पिकअप उभी दिसली. कुणाला विचारलं नव्हतं. शोरूममध्ये गेल्या, बोट दाखवलं आणि घेऊन आल्या. गल्लीला याचं फार वाईट वाटलं. दोन लग्नसराया ज्यांनी मनापासून सल्ले दिले, त्यांना निदान एकदा विचारायला हवं होतं, असं मेडिकलवाल्याचं म्हणणं पडलं. मलाही थोडं लागलं.

परवा मी ऑफिसातून आलो तर अक्का गाडीतून उतरत होत्या. गाडी कधी आली ते मला समोर उभा असून कळलं नव्हतं.

"कशी आहे, अक्का?" मी विचारलं.

"बरी हाय," त्या म्हणाल्या. "कधी गेलो, कधी आलो, कुणाला कळत नाही."

मग त्या पायऱ्या चढून दारापाशी गेल्या. दाराला कुलूप होतं. इतक्या वर्षांत त्या घराला कुलूप मी पहिल्यांदाच बघत होतो, कारण आत कायम कुणीतरी असायचं. कुलूप नवंच होतं, अजून त्यावर दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती. अक्का किल्ली एकदा अशी, एकदा तशी घालून बघत राहिल्या.