ऊआलीच्या अंगावरचा बर्नूस

फ्रेंचांना जाऊन वर्ष झालं, आणि आमच्या काबिली डोंगरात पुन्हा बंदुका वाजायला लागल्या. या वेळी दोन्हीकडे आपलीच माणसं. माझे बाबा, बेलाईद, सात वर्षं त्याच डोंगरात फ्रेंचांशी लढलेले. आता जिल्ह्याचे अधिकारी. त्यांचा जिवाभावाचा साथी ऊआली नव्या सरकारशी बिनसून चाळीस माणसांनिशी वर डोंगरात गेला होता.

राजधानीतून निरोप आला, त्याला बोलणी करायला खाली आणा, केसालाही धक्का लागणार नाही. बाबा मला घेऊन ऊआलीच्या आईकडे गेले.

जूहेरकाकी अंजिरं वाळत घालत होती. "आलास? खुर्ची घरी ठेवलीस की पाठीला चिकटलीय?"

"काकी, ऊआलीला खाली बोलव."

"आणि तुझ्या साहेबांनी धरला तर?"

बाबांनी खांद्यावरचा पांढरा लोकरी बर्नूस उतरवून तिच्या हाती दिला. आमच्यात ज्याच्या अंगावर माझा बर्नूस, तो माझ्या घरातला. पिढीजात वैरीसुद्धा त्याला वाट देतात.

काकीनं कड चाचपली. "उसवलाय. बायको करते काय तुझी?" आणि सुई शोधायला आत गेली.

चौथ्या दिवशी ऊआली तो बर्नूस पांघरून उतरला. "सुटलास की रे. सरकारी मटण?"

"तू मात्र पार वाळलास."

दोघं हसत चालले होते. वळणावर लष्करी गाडी आडवी उभी. सैनिक सपाटीवरचे, कोवळे.

"हात लावू नका," बाबा म्हणाले. "त्याच्या अंगावर माझा बर्नूस आहे."

ऊआलीला गाडीत चढवत त्यांचा अधिकारी अदबीनं म्हणाला, "असू दे साहेब. थंडी आहे."

तीन आठवड्यांनी रेडिओवर कळलं, ऊआलीला गोळ्या घातल्या. बाबांनी राजीनामा दिला, तुरुंगाच्या दारात जाऊन म्हणाले, मलाही आत घ्या. तिथल्या पहारेकऱ्यांनी बाबांना चहा पाजला. "तुम्ही तर आमचे."

मग बाबा काकीच्या दाराशी गेले. त्या सात वर्षांत तिनं त्यांना कणगीत लपवलं होतं, ऊआलीच्या ताटात जेवू घातलं होतं.

"काकी, शिव्या घाल मला."

तिनं पाणी आणलं, सातूची भाकरी आणली, परक्याला वाढतात तशी उंबऱ्यापाशी ठेवली. "बसा. कुठल्या गावचे?"

"इथलाच गं."

"इथली माझी दोन पोरं होती," ती म्हणाली. "दोन्ही गेली."

बाबा बसले. ती समोर बसून राहिली, भाकरी संपेपर्यंत.